सुपरचॅट की टी-शर्ट? बुद्धिबळाच्या एका छोट्या चॅनेलचा हिशेब

यूट्यूबवर मराठीतून लाइव्ह येणाऱ्या छोट्या चॅनेलला नुसत्या जाहिराती पुरत नाहीत, हे नव्याने सांगायला नको. मग उरतात दोन वाटा : प्रेक्षकांनी सुपरचॅट (लाइव्ह चॅटमध्ये पैसे देऊन पाठवलेला ठळक संदेश) किंवा दरमहा पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाच्या रूपाने थेट पैसे द्यावेत, नाहीतर चॅनेलच्या नावाचे टी-शर्ट, कॉफीचे मग आणि स्टिकर विकत घ्यावेत. मी ३ मिनिटांचे (म्हणजे अख्ख्या डावासाठी प्रत्येकाला घड्याळात तेवढाच वेळ असलेले) बुद्धिबळाचे डाव लाइव्ह खेळतो आणि दोन्ही वाटांनी चालून पाहिले आहे. इतर खेळांच्या स्ट्रीमरचा अनुभव निराळा असू शकतो.

निव्वळ पैशाचा विचार केला तर सुपरचॅट उजवे ठरते. कर आणि आयफोनवरून आलेल्या रकमेवरचे ॲप स्टोअरचे शुल्क वजा जाता ७० टक्के वाटा आपला, आणि त्यासाठी पदरचे काहीच घालावे लागत नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर, भारताशी असलेल्या कराराची सवलत घेऊनही, तिथला १५ टक्के कर कापला जातो. माझ्याकडे सढळ हाताने देणारे बरेचसे तिकडचेच मराठी लोक असल्याने ही कपात जाणवते. शिवाय यूट्यूबची कमाई जमा होते त्या गूगलच्या ॲडसेन्स खात्यात १०० डॉलर जमल्याखेरीज बँकेत काही येत नाही.

टी-शर्टचे गणित मात्र कष्टाचे आहे. ऑर्डर आल्यावर छापून परस्पर पाठवणारे पुरवठादार मिळतात, पण त्यांची मूळ किंमत आणि आपली किंमत यांतला फरक तेवढा आपला. पाचशेच्या शर्टामागे शंभर-सव्वाशे सुटले तरी मी समाधान मानतो. त्यात साइज बसत नाही म्हणून परत येणारे शर्ट, कॅश ऑन डिलिव्हरीचे दारातूनच माघारी आलेले पार्सल, आणि फाइलमधला फॉन्ट न उमटल्यामुळे शर्टावरच्या ‘अश्वमेध’मधला ‘श्व’ पाय मोडून छापणारा एक पुरवठादार, हे सगळे आलेच.

इतके असूनही माझा कल टी-शर्टकडे झुकला, त्याचे कारण घड्याळ. हत्ती-प्याद्यांचा शेवटचा खेळ चालू आहे, माझ्याकडे १८ सेकंद उरले आहेत आणि त्याच क्षणी सूचनेचा आवाज होऊन ‘दादा, आज चिरंजीवांचा वाढदिवस, शुभेच्छा द्या’ असा रंगीत संदेश झळकतो. वाचावा तर पाच-सहा सेकंद जातात. न वाचावा तर पैसे देणाऱ्याचा अवमान होतो. नंतर वाचेन असे सांगून ठेवले तरी ‘दिसलं नाही का?’ म्हणून दुसरा संदेश येतोच. याहून वाईट म्हणजे चाल सुचवणारा सुपरचॅट. साधी कॉमेंट वर सरकून निघून जाते, पण सुपरचॅट रकमेच्या मानाने चॅटच्या माथ्यावर टिकून राहतो. रेटिंगच्या डावात बाहेरची मदत घेणे बुद्धिबळाच्या संकेतस्थळांच्या नियमात बसत नाही, आणि ‘वजीर एच५’ असे डोळ्यांसमोर लटकत असताना ती चाल मला आधीच दिसली होती, हे मी कोणाला पटवून देणार? चॅटची खिडकी झाकून खेळूनही पाहिले, पण मग लाइव्ह येण्यात गंमत उरत नाही.

सदस्यत्वाला हा दोष लागत नाही, हे खरे. मात्र बिल्ले आणि इमोजी यांवर लोकांचे फार काळ भागत नाही. महिना भरला की सदस्यांसाठी वेगळे काहीतरी हवे असते आणि ते न दिल्यास सदस्य गळू लागतात. टी-शर्ट घेणाऱ्याचा व्यवहार शर्ट हाती पडताच पुरा होतो, डावात तो लुडबुड करत नाही.

ज्याचे घरभाडे स्ट्रीमवर अवलंबून आहे, किंवा जो गप्पा मारत खेळलेल्या डावांचे विश्लेषण करतो, त्याने माझे ऐकू नये. त्याला सुपरचॅटच सोयीचे पडेल. घड्याळ लावून खेळणाऱ्याने मात्र डाव चालू असेपर्यंत सुपरचॅट बंद ठेवून मालाकडे वळून पाहायला हरकत नाही. सुरुवात स्टिकर आणि मगपासून करावी, कारण त्यांना साइज नसते. पैसे आगाऊच घ्यावेत. आणि देवनागरी मजकूर फॉन्टच्या भरवशावर न ठेवता चित्र म्हणून पाठवावा.