कॉम्पिटिशन बॅच: दीड वर्षाचा अनुभव

माझी मुलगी १२ वर्षांची आहे, दीड वर्ष झालं इथल्या टँकवर पोहण्याच्या सकाळच्या कॉम्पिटिशन बॅचला येतेय. नुसतं पोहता यायला हवं असेल तर मुलं कुठेही शिकतात, पण रेसिंगला घालायचं असेल तर बॅच नीट बघून घ्या, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ती दुसऱ्या एका टँकवर होती, तिथे रोज एकच, लॅप मारा. मग जिल्हा स्पर्धेत ५० मीटर फ्लायला, म्हणजे बटरफ्लायला, हीटमध्ये (पहिल्या फेरीत) पहिली आली, आम्ही वरून ओरडतोय, आणि रिझल्टच्या कागदावर नावापुढे डीक्यू, म्हणजे डिसक्वालिफाय, बाद. का, तर फिनिशला एकच हात लागला. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत, एवढी साधी गोष्ट तिच्याकडून कुणी करूनच घेतली नव्हती. घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही.

इथे सरांनी पहिले तीन आठवडे तिच्याकडून नुसती भिंत करून घेतली. भिंतीपासून ५ मीटरवर वर झेंड्यांची दोरी असते ना, तिथून आत श्वास घ्यायचा नाही, डोकं खाली, शेवटचा स्ट्रोक पूर्ण मारायचा आणि टच, तरंगत आलीस की परत जा. मी एकदा विचारलं, सर एवढा वेळ फिनिशलाच? तर म्हणाले जकार्ता आठवा. २०१८ च्या एशियन गेम्सला ५० फ्रीस्टाइलमध्ये वीरधवल खाडे २२.४७ आणि ब्राँझवाला २२.४६, एक शतांश सेकंदाने मेडल गेलं. त्यानंतर मी परत कधी विचारलं नाही.

आणि वीरधवलचंच बघा ना, कोल्हापूरचा मुलगा, सतरावं पूर्ण व्हायच्या आत २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला पोहला, २०१० ला ग्वांगझूला ५० फ्लायचं ब्राँझ आणलं, १९८६ च्या खजान सिंग यांच्या सिल्व्हरनंतर एशियन गेम्समध्ये पोहण्यातलं आपलं पहिलंच मेडल, मग तहसीलदार झाला, नोकरी करत परत पाण्यात उतरला आणि २०२३ ला गोव्यात नॅशनल गेम्सला ५० फ्रीचं गोल्ड घेतलं. पोहून पुढे काय असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी हेच सांगते.

सरांचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे घाई नाही. बारा वर्षांच्या मुलीला पोहण्याच्या एकाच प्रकाराला जुंपत नाहीत, चारही प्रकार करून घेतात, परीक्षा आली की स्वतःहून सेट कमी करतात, खांदा दुखतोय म्हटलं की त्या दिवशी फक्त किक बोर्ड धरून पाय मारायचे. टाइम वहीत प्रत्येकीने आपल्या हाताने लिहायचा, दुसरीशी तुलना केलेली त्यांना अजिबात चालत नाही.

कमी काय, तर मुलींच्या चेंजिंग रूमला दोनच शॉवर, शाळेच्या दिवशी रांग लागते. आणि टँक २५ मीटरचा आहे, त्यामुळे ५० मीटरच्या टँकमध्ये स्पर्धा असली की मधला टर्न मिळत नाही आणि पोरांचा दम शेवटच्या १५ मीटरला जातो. स्पर्धेआधी चार दिवस तरी मोठ्या टँकवर प्रॅक्टिस ठेवा, पालक जास्तीचे पैसे द्यायला तयार आहेत, मी सगळ्यांशी बोललेय.

मागच्या महिन्यात परत ५० फ्लाय होती. चौथी आली. पाण्यातून बाहेर आली ती धावतच, आई दोन्ही हात लागले, बघितलंस ना?