बारावीत जीवशास्त्र राहिल्यावर: जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग?
महाराष्ट्र मंडळाच्या बारावीत राहिलेले जीवशास्त्र पुरवणी परीक्षेत जेमतेम 35 गुणांनी सुटले, तर भौतिकशास्त्रात 42 व रसायनशास्त्रात 45 असूनही बेरीज 122च भरते; बी.एस्सी. नर्सिंगला खुल्या प्रवर्गातून लागणारे 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135, गाठायचे तर श्रेणीसुधार परीक्षा आणि सीईटी (प्रवेश परीक्षा) यांत एक वर्ष जाते. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या पदविकेला, विज्ञान शाखेची अट नाही. इंग्रजीसह 40 टक्के पुरतात. गंमत अशी की, तीन वर्षांचे जीएनएम अधिक दोन वर्षांचे पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची बी.एस्सी. नर्सिंग पदवी) मिळून पाच वर्षे होतात, आणि गेलेले वर्ष धरता चार वर्षांच्या बी.एस्सी.लाही तेवढीच लागतात. फरक कमाईचा: जीएनएमनंतर परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून नोकरी धरता येते. घरी ओढाताण असेल तर माझा कौल जीएनएमला. अध्यापनाकडे ओढा असेल, तर मात्र ते वर्ष खुशाल घालवावे.