नाण्याचा दर्जा ओळखायचा: फोटो बघून की हातात घेऊन?

फोटोंचा फायदा एकच, पण मोठा. नाण्याचा दर्जा १ ते ७० अंकांत सांगणाऱ्या शेल्डन मोजपट्टीवरच्या पायऱ्या शेजारीशेजारी ठेवून बघता येतात. छापातले उंच भाग, म्हणजे गाल, भुवईवरचे केस, आधी गुळगुळीत होतात, हे डोळ्यांत बसतं.

हातातल्या नाण्याची गोष्टच वेगळी. कडेला धरून दिव्याखाली हळूहळू कलतं करा. टाकसाळीतली मूळ झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर ही फिरती झळाळी दिसत नाही. चमक असली तरी निर्जीव वाटते, आणि दहापट भिंगातून बारीक, समांतर ओरखडे दिसतात. फोटोत हे सहज लपतं. माझ्याकडेही असं एक ‘नवंकोरं’ पडलंय, फोटोवर भाळून घेतलेलं. आता ओरखडे ओळखायच्या सरावाला तेच काढतो.