जननेंद्रियावरचा हर्पिस: गोळी लागेल तेव्हा की रोज?

जननेंद्रियावरचा हर्पिस कायमचा जात नाही; विषाणू कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो. प्रश्न एवढाच, की गोळी फोड उठल्यावर घ्यायची की रोज?

वर्षातून एक-दोनदाच त्रास होत असेल तर पहिला मार्ग पुरतो. पण वेळ चुकली की फायदा गेला. मांडीत मुंग्या, जागेवर चुरचुर, कपडा नुसता घासला तरी झोंबणं, ही पूर्वसूचना ओळखून 24 तासांच्या आत सुरुवात हवी. म्हणून गोळ्या आधीच लिहून घेऊन घरात ठेवाव्यात. व्हॅलासायक्लोव्हिर (विषाणूविरोधी गोळी) 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 3 दिवस, हा एक नेहमीचा डोस. (मेडिकलमधून मलम आणून चोपडत बसण्यात फारसा अर्थ नाही.)

रोजच्या गोळीने उद्रेक 70 ते 80 टक्क्यांनी घटतात. अ‍ॅसायक्लोव्हिर हे त्याच प्रकारचं औषध स्वस्त, पण 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस बदलतो, डॉक्टरांना सांगाच. फोड नसतानाही संसर्ग पसरतो. जोडीदाराला लागण नसेल तर तुम्ही रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्याने त्याला लागण होण्याचा धोका जवळपास निम्मा होतो. निम्माच, त्यामुळे कंडोम सुटत नाही. एवढ्या कारणासाठी मी रोजच्या गोळीकडे झुकेन.