सायलेन्सरचं रबर तुटलं, बिल झालं चार शॉकअपचं

चिखलात, दगडगोट्यांत गाडी घालणाऱ्या मंडळींना मुंबईत गंडवायची एक ठरलेली तऱ्हा आहे. आवाज एकीकडून येतो आणि पार्ट दुसरीकडचे बदलले जातात. मुलुंडची एक डिझेल थार हे त्याचं ढळढळीत उदाहरण.

स्पीडब्रेकरवरून मागची चाकं उतरली की खालून एकदाच ‘ठक्’ व्हायचं. पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी ठेवून घेतली, चारही शॉकअप गेलेत असं सांगितलं आणि मजुरीसकट ४६,८०० रुपये घेतले. आवाज काही दिवस बंद राहिला, मग पुन्हा सुरू. दुसरीकडे गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा सगळा प्रकार उघडा पडला. सायलेन्सरचा मागचा पाइप धरून ठेवणारं रबर तुटलेलं होतं आणि पाइप बाइंडिंग वायरने चासीला बांधला होता. वायरचे तीन वेढे, तिन्ही तुटलेले. पाइप सगळा गंजलेला, फक्त चासीच्या आडव्या पट्टीखाली अंगठ्याएवढी जागा घासून चकचकीत झालेली. म्हणजे आवाज कशाचा, हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने वायर मारून आवाज बंद केला आणि पैसे शॉकअपचे घेतले. ही सरळ लूट आहे.

असलं रबर शे-दोनशे रुपयांत मिळतं आणि दहा-पंधरा मिनिटांत बसतं. बसवताना साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस लावलं तर रबर फुगून लवकर फाटतं. घरच्या घरी तपासायचं तर गाडी पूर्ण थंड असताना पाइपचं टोक हाताने वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. तो थोडा झुलणारच, पण कुठे धातूवर धातू आपटता कामा नये. शंका आली तर जुन्या ट्यूबचा तुकडा गॅप असेल तिथे तात्पुरता अडकवून त्याच स्पीडब्रेकरवरून गाडी न्या. गरम भागाला तो लागणार नाही एवढं पाहा, आणि फेरी झाली की लगेच काढा. आवाज बदलला तर सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही.

त्या थारला बसवलेले शॉकअपही नवे नव्हते. नव्या शॉकअपच्या रबरी बुशवर (जोडाच्या रबरी कड्यावर) काळ्या रंगाचे शिंतोडे नसतात, यांच्यावर होते. दांड्याच्या क्रोमवरून नख फिरवलं की बारीक खड्डे लागत होते, आणि नळीच्या बुडाशी रंगाखाली वेल्डिंगचा एक टिपका होता. जुन्या शॉकअपला भोक पाडायचं, तेल भरायचं, भोक वेल्डिंगने बुजवायचं, रंग मारायचा आणि स्टिकर चिकटवायचं, असा हा माल तयार होतो. गॅसचा शॉकअप ओळखायला सोपा आहे. गाडीवरून काढून दाबून सोडला की दांडा आपोआप बाहेर यायला हवा. दाबला तिथेच राहिला तर आत गॅस नाही. साध्या तेलाच्या शॉकअपला ही कसोटी लावू नका, तो नवा असला तरी स्वतःहून बाहेर येत नाही.

‘हे बघा, लीक आहे’ म्हणून ओला शॉकअप दाखवला जातो, तेव्हा घाई करू नका. पिचकारीने तेल मारून शॉकअप ओला करायला दोन सेकंद लागतात. खरी गळती दांडा जिथे आत जातो त्या सीलपासून सुरू होते आणि खाली ओघळते. ती जुनी असली तर धूळ त्यात मुरून काळी, चिकट होते. वरून मारलेलं तेल सुकलेल्या चिखलावर तरंगतं. नखाने खपली काढली तर आतला चिखल कोरडा निघतो. सीलजवळ नुसता ओलसर थर असेल तर तो पुसा, शंभरएक किलोमीटर गाडी चालवा, मग पुन्हा बघा.

पुढच्या खटखटीचं निदानही असंच समोर उभं राहून करून घ्यावं. पुढचं चाक उचलायचं, दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवायचं. ढिलेपणा जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाकडचा भाग सस्पेन्शनच्या आर्मला जोडणारा सांधा). डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ लागत असेल तर आधी टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक बघा. मात्र जॅक कुठे लावला यावर सगळं अवलंबून आहे. २०२० नंतरच्या थारसारखी स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक त्याच आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ हवा. चासीखाली लावला तर आर्म लटकतो, जॉइंट ताणला जातो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. छोट्या खड्ड्यांत, पेव्हर ब्लॉकवर सतत टकटक होत असेल तर बऱ्याचदा स्टॅबिलायझरची (गाडीचं डोलणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक असते. चाकं जमिनीवर ठेवून, एकाने गाडी हलवत असताना लिंकवर हात ठेवला की ठोका हाताला कळतो.

‘दोन इंच लिफ्ट किट’ हीसुद्धा फसवणुकीची मोठी जागा. २०२० च्या आधीच्या थार सीआरडीई या डिझेल मॉडेलला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. त्याचा ॲडजस्टिंग बोल्ट पिळला की पुढची बाजू उचलली जाते. नवीन पार्ट एकही लागत नाही, तरी बिल किटचं होतं. पुढे चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात शॉकअप पूर्ण ताणून आपटतो, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्याचे रबरी बूट (आवरणं) फाटतात. मागे पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) नुसते लांब शॅकल, म्हणजे पाट्या चासीला जोडणारे दुवे, लावून उंची दिली तर अ‍ॅक्सलचा कोन बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) थरथरतो. गाडी देण्याआधी सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही बाजूंनी लिहून ठेवा. पाट्यांचं काम झालं असेल तर पाचशे किलोमीटरनंतर पाट्या अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

एक्झॉस्टमध्ये सर्वांत महागडी चोरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याची. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते त्यासाठीच. ‘सायलेन्सर आतून साफ करून देतो’ म्हणून डबा काढतात, कापतात, जाळी काढून घेतात आणि परत वेल्डिंग मारतात. गाडी देण्याआधी डब्याच्या दोन्ही जोडांचे फोटो काढा. परत मिळाल्यावर नवी वेल्डिंग दिसते का बघा. थंड डब्यावर रबरी हातोडीने टिचकी मारून ऐका: खुळखुळ वाजलं तर जाळी फुटली आहे, पोकळ घुमलं तर ती आत नसण्याचीच शक्यता जास्त.

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा दिवा डॅशबोर्डवर लागला की ‘डीपीएफ काढून टाकू’ असा सल्ला येतो. शहरातल्या रखडत्या ट्रॅफिकमध्ये एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही. काजळी जळायला आत ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. म्हणून आधी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर १५-२० मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवा. डीपीएफ काढणं हा बेकायदा बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला तेव्हा तुमच्या बाजूला उभा राहत नाही, आणि काढलेला डीपीएफ विकून त्याने पैसे केलेले असतात.

थारच्या मालकाकडे पक्कं बिल नव्हतं. कच्च्या चिठ्ठीवर ‘सस्पेन्शन काम’ एवढंच. काम सुरू होण्याआधी जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, पार्ट नंबरसह जीएसटी बिल मागा, जुने पार्ट डिकीत टाकायला सांगा. हे हाताशी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.