मेडिटरेनियन की संपूर्ण वनस्पतिजन्य? ‘बेताने’ या शब्दापाशी झालेला निर्णय

एलडीएल कोलेस्टेरॉल वाढल्याचा अहवाल हाती आला की बहुतेकांपुढे हेच दोन आहार ठेवले जातात. मी दोन्ही पाळून पाहिले आहेत: आधी आठ महिने मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतला पारंपरिक आहार, आणि त्यानंतर, आता तीन वर्षे होत आली, संपूर्ण वनस्पतिजन्य, म्हणजे प्राणिजन्य पदार्थ अजिबात नसलेला आणि शक्यतो अप्रक्रियाकृत अन्नाचा. भाज्या, फळे, कडधान्ये आणि अखंड धान्ये हा पाया दोन्हींत समान असल्यामुळे खरी निवड उरलेल्या भागाची आहे: ऑलिव्ह तेल, मासे, दही, चीज हे ताटात असावे की नसावे.

पुराव्याच्या बाबतीत मेडिटरेनियन आहाराचे पारडे जड आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ प्रयोगात हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० व्यक्ती होत्या आणि ज्या गटांना ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा पुरवला गेला, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०१३चा तो शोधनिबंध गटवाटणीतील त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. निष्कर्ष मात्र जवळपास तोच राहिला. याउलट वनस्पतिजन्य आहाराचे प्रयोग लहान आहेत. अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या १९९०च्या गाजलेल्या प्रयोगात अवघे ४८ रुग्ण होते, शिवाय आहाराच्या जोडीला व्यायाम, तणावनियंत्रण आणि धूम्रपानबंदीही होती, त्यामुळे सारे श्रेय आहाराला देता येत नाही. न्यूझीलंडमधील २०१७चा ‘ब्रॉड’ प्रयोगही ६५ जणांचाच. तरी त्यातील एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. वनस्पतिजन्य आहाराच्या गटाला पोट भरेपर्यंत खाण्याची मुभा होती, उष्मांक मोजायचे नव्हते, आणि सहा महिन्यांत त्यांचे वजन सरासरी १२ किलोंनी घटले.

ही गोष्ट लक्षात राहण्याचे कारण माझ्या स्वतःच्या आठ महिन्यांत आहे. मेडिटरेनियन आहाराविषयी मी जे जे वाचले, त्यात एक शब्द वारंवार येत असे: ‘बेताने’. चीज बेताने, मांस बेताने, वाइन घेत असल्यास तीही बेताने. आणि माझ्यासारख्या वजन कमी करू पाहणाऱ्याने तेलही बेतानेच, कारण एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात. हा बेत रोज, प्रत्येक जेवणाला, नव्याने ठरवावा लागतो आणि दिवसभर थकून आलेल्या माणसाचा रात्रीचा बेत सकाळच्या बेतापेक्षा हमखास सैल असतो, हे मी स्वतःच्या बाबतीत महिनोन्महिने पाहिले. कोशिंबिरीवर धरलेली तेलाची धार किती वेळ धरली, चीजचा हा तुकडा कालच्याएवढाच आहे ना, असे हिशेब मी जेवताना करीत असे आणि जेवून उठल्यावरही ते संपत नसत. प्रेडिमेडमधील सहभागींना दर तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळत असे. माझ्या स्वयंपाकघरात मी एकटाच होतो. संपूर्ण वनस्पतिजन्य आहारात काय खायचे नाही हे एकदाच ठरते आणि जे खायचे ते पोटभर खाता येते. ज्याला बेत सहज साधतो त्याला ही अडचण क्षुल्लक वाटेल. माझा निर्णय मात्र तिनेच केला.

बदल सुखाचा होता असे नाही. कडधान्ये एकदम वाढवल्यामुळे पहिले तीन आठवडे पोट फुगत असे. प्रमाण हळूहळू वाढवले असते तर तो त्रास बहुधा टळला असता. त्यानंतर दुपारच्या जेवणानंतरची सुस्ती गेली, बद्धकोष्ठता गेली, पट्टा दोन भोके आत आला आणि पुढच्या तपासणीत एलडीएलही उतरले. विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे पचनासाठी यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते त्या आम्लांना, धरून शरीराबाहेर नेतात, ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. संपृक्त स्निग्धांशही कमी झाल्याने उतार दुहेरी झाला असावा, असा माझा समज आहे.

या आहाराच्या दोन उणिवा मात्र गंभीरपणे घ्याव्यात. बी-१२ जीवनसत्त्व त्यातून भरवशाने मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे कमतरता उशिरा लक्षात येते आणि तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. मी पहिल्या दिवसापासून गोळी घेतो. दुसरी उणीव हाडांची. ब्रिटनमधील ‘एपिक-ऑक्सफर्ड’ पाहणीच्या २०२०च्या निष्कर्षांत प्राणिजन्य पदार्थ पूर्ण टाळणाऱ्यांमध्ये अस्थिभंगाचे, विशेषतः खुब्याच्या अस्थिभंगाचे, प्रमाण मांसाहारींपेक्षा अधिक आढळले. ते सर्वजण अप्रक्रियाकृत अन्नच खात होते असे नाही, तरी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांकडे लक्ष हवेच. वय झालेल्या, भूक मंदावलेल्या किंवा मुळातच कृश व्यक्तीला मी मेडिटरेनियन आहारच सुचवीन, कारण तंतूंनी पोट लवकर भरते आणि पोषण अपुरे राहू शकते.

इतरांनी, विशेषतः ज्यांना माझ्यासारखा बेत साधत नाही त्यांनी, आधी आणि नंतर लिपिड तपासणी (रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर स्निग्ध पदार्थांची) करून सहा आठवडे संपूर्ण वनस्पतिजन्य आहार पाळून पाहावा, असे मला वाटते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर सुरुवात करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, कारण साखर आणि दाब खाली येऊ लागल्यावर पूर्वीची मात्रा जास्त ठरू शकते.