घुरघुरणारा गिनी पिग: घरी सांभाळायचा, तालुक्याला दाखवायचा की नागपूर गाठायचं?

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गावात चिंगीला कोणी ससा म्हणतं, कोणी पांढरा उंदीर. शेजारच्या काकू तर अजूनही विचारतात, "हे काय पोसून ठेवलं गं माय?" ती गिनी पिग आहे, तीन वर्षांची. दिवाळी आटोपली तेव्हापासून तिच्या नाकातून घुबडासारखा बारीक हूं-हूं आवाज येऊ लागला. आठ दिवस बंद, मग पुन्हा सुरू. अशा जुनाट आवाजाला आमच्याकडे तीनच वाटा आहेत, आणि त्या तिन्ही मी चालून पाहिल्या.

आधी एक गोष्ट. गिनी पिग जवळपास नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घेत असेल, कुशी भात्यासारख्या हलत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा अर्धा दिवस चाऱ्याला तोंड लावलं नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि जो डॉक्टर सर्वांत जवळ असेल त्याच्याकडे निघा. पुढचं सगळं जो खातोय, फिरतोय, पण घुरघुरतोय, त्याच्यासाठी.

अशा प्राण्याच्या बाबतीत आवाज फसवतो. चिंगीचा आवाज वाढला की आमचा जीव खाली-वर व्हायचा, पण खरी खबर किराण्याच्या काट्याने दिली. दर रविवारी सकाळी, चारा टाकायच्या आधी वजन. ती 900 ग्रॅमच्या आसपास राहिली, तोवर माझ्या हातात वेळ होता. आठवड्यात 50 ग्रॅम घटलं असतं तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवले असते. हे प्राणी दुखणं लपवतात, पण वजन लपत नाही. झोपेत श्वासही मोजा: 15 सेकंद मोजून चारने गुणा. साधारण 40 ते 100 च्या मधला आकडा ठीक.

घरची वाट स्वस्त आहे, आणि लोक समजतात त्यापेक्षा बरंच काही तिच्यातच सुटतं. आमच्याकडे भाव वाढेल या आशेने कापूस माजघरात भरून ठेवला होता आणि चिंगीचा पिंजरा त्याच खोलीत. आवाज दिवाळीनंतरच का सुरू झाला, हे कळायला मला दीड महिना लागला! पिंजरा ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात हलवला आणि तिसऱ्या आठवड्यात आवाज निम्म्यावर आला. चुलीवर आंघोळीचं पाणी तापतं त्या बाजूलाही ठेवू नका. पिंजऱ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घालू नका, ते बारीक धूळ सोडतं आणि टोचतंही. आरामशीनवरचा सागाचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. वर्तमानपत्रावर जुन्या धोतराच्या घड्या, रोज बदललेल्या, हे मला सगळ्यांत बरं वाटलं. लघवीचा वास तुमच्या नाकाला झोंबत असेल, तर त्याच वासात तोंड घालून झोपणाऱ्याला किती झोंबत असेल!

चाऱ्याचंही तसंच. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणलं तर अंगणात झटकून, ऊन दाखवूनच द्यावं. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत उत्तम, पण शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्याकडे फिरकू नका.

कूलर हा वेगळाच पेच. विदर्भातल्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि गिनी पिगला तिशीपासूनच त्रास सुरू होतो. कूलर नसेल तर तो उन्हानेच जाईल. पण मागच्या वर्षीच्या कुबट वुडवुलमधून येणारी ओली हवा थेट नाकावर आली तर छाती भरते. ताटी दरवर्षी नवी, टाकीतलं पाणी दोन दिवसांनी बदललेलं, आणि झोत पिंजऱ्यावर नाही तर बाजूने.

घरात कोणीतरी ओव्याची किंवा कापराची धुरी सुचवेलच. आमच्याकडे सासूबाईंनी सुचवली, मी हो म्हटलं, आणि त्या रात्री चिंगी आणखी घुरघुरली. धूर हा धूरच. गरम पाण्याची वाफही नको, उष्णता तिला सोसत नाही. त्याऐवजी पोरांसाठी आणलेला नेब्युलायझर काढा: साधं सलाइन, पिंजऱ्यावर हलकी चादर, 10-15 मिनिटं. औषध त्यात टाकायचं की नाही, ते डॉक्टर सांगतील.

गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आपल्यासारखंच. ते कमी पडलं की नाक-छातीचं दुखणं रेंगाळतं. निरोगी प्राण्याला किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम पुरतं, आजाऱ्याला थोडं जास्त. ढोबळी मिरचीचा तुकडा, पेरूची फोड, कोथिंबीर यांतून ते भागतं. नागपुरी संत्र्याचा माझा अट्टहास होता, पण त्यातली साखर आणि आंबटपणा पाहता आठवड्यातून एक-दोन फोडी पुरे. पाण्यात गोळी विरघळवणं वाया जातं, ते जीवनसत्त्व पाण्यात टिकत नाही.

तालुक्याच्या दवाखान्याचा मोठा गुण म्हणजे तो जवळ आहे. छातीला नळी लावून घरघर वर नाकात आहे की खाली फुप्फुसात, एवढं तिथे कळू शकतं, आणि हा फरक फार मोलाचा आहे. पण तिथल्या डॉक्टरांचा हात गौळाऊ बैलांवर आणि शेळ्यांवर बसलेला असतो. आमच्या डॉक्टरांनी गुरांना देतात तसं स्ट्रेप्टोपेनिसिलिन काढलं होतं. मी अडवलं, कारण पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांनी गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट जंतू माजतात आणि प्राणी दगावू शकतो. त्यांनी ऐकलं, बाटली बंद केली, पुस्तक उघडलं. मला तो माणूस आवडला. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही औषधं तुलनेने सुरक्षित मानतात, पण गुरांसाठीच्या जाड मात्रेचं इंजेक्शन तसंच टोचलं तर चामडी सडू शकते. मात्रा वजनावरूनच ठरवून घ्या, मेडिकलवाल्याच्या अंदाजाने नाही. आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन कोर्स केले. दोन्ही वेळा आवाज उतरला आणि पंधरवड्याने परत आला.

आवाज असा परतला की आणखी एका कोर्सपेक्षा नागपूर बरं. सेमिनरी हिल्सवर 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बुलढाणा-वाशीमकडच्यांना अकोल्याची पदव्युत्तर संस्था जवळ पडेल. शहरातले खासगी छोट्या प्राण्यांचे दवाखानेही आहेत. निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: गिनी पिग पाहता का, आणि त्याला कोणती अँटिबायोटिक्स देत नाही? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर तिकीट काढू नका.

तिथे जे मिळतं ते तालुक्याला मिळत नाही: एक्स-रे, आणि दाढांची आतून तपासणी. गिनी पिगचे दात जन्मभर वाढतात. वरच्या दाढांची मुळं नाकाच्या दिशेने सरकली की नाक कायमचं अर्धं बंद होतं, आणि त्यावर अँटिबायोटिक काय करणार? हृदय वाढलेलं असलं तरी घुरघुर येते, त्याची औषधं वेगळी. चिंगीची फुप्फुसं स्वच्छ निघाली, हृदय नेहमीच्या आकाराचं, दातांची मुळं जागेवर. जुन्या संसर्गाने नाकाची वाट आतून अरुंद झाली असावी, असं डॉक्टर म्हणाले. गाडीभाडं तपासणीपेक्षा जास्त झालं, पण त्यामुळे औषधं थांबवता आली. घरात ससा किंवा कुत्रा असेल तर तेही सांगा. बोर्डेटेला नावाचा जंतू अनेकदा त्यांना काही न करता त्यांच्याकडून गिनी पिगकडे येतो.

माझं मत विचाराल, तर वजन स्थिर असताना चार आठवडे घर बदलून पाहा. मग तालुका, एक कोर्स. आवाज परतला की सरळ एक्स-रे. वजन घटत असेल तर पहिल्या दोन पायऱ्या गाळा. आणि नागपूरला जायचंच असेल तर होळीच्या आत उरका. उन्हाळ्यात निघावं लागलं तर पहिली एसटी पकडा, टोपलीत काकडीच्या फोडी, टोपलीबाहेर ओला टॉवेल. निघण्याआधी मोबाइलवर आवाजाचा व्हिडिओ करून ठेवा, कारण डॉक्टरांच्या टेबलावर ही पोरं भीतीने अगदी गप्प बसतात. चिंगी बसली होती.